टेस्टनंतरचे दोन तास

या महिन्यात आलेल्या पत्रांत मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचे प्रश्न सगळ्यांत जास्त आहेत, त्याखालोखाल नवोदय या केंद्राच्या निवासी शाळांचे आणि दाखल्यांचे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं थोडी छाटली आहेत. नावं न छापता गाव तेवढं ठेवलं आहे.

मुलगी बारावीला, लातूरला आहे. दर रविवारी टेस्ट असते. दिवाळीपासून 720 पैकी 380 ते 410 च्या मधेच अडकली आहे. अभ्यासाला कमी करत नाही, रात्री एक-एक वाजेपर्यंत बसते. आणखी एक टेस्ट सिरीज लावून द्यावी का? – एक आई, गंगाखेड

नको ताई. तिला टेस्ट कमी पडत नाहीयेत, टेस्टनंतरचा वेळ कमी पडतोय. बहुतेक मुलं रविवारी पेपर देतात, संध्याकाळी उत्तरसूची लावून मार्क मोजतात, खोलीतल्या मैत्रिणीला किती पडले ते विचारतात आणि सोमवारी पुढच्या धड्याला लागतात. चुकलेले प्रश्न तसेच मागे राहतात. पुढच्या रविवारी त्याच चुका नव्या आकड्यांनिशी समोर येतात.

तिला सांगा, पेपर सोडवतानाच प्रश्नपत्रिकेवर खुणा करत जा. खात्रीच्या प्रश्नाला काही नाही, शंका असेल तिथे टिंब, निव्वळ अंदाज मारला तिथे फुली. घरी किंवा खोलीवर आल्यावर जेवायचं, तासभर झोपायचं. मग उत्तरसूचीला हात न लावता सोडून दिलेले आणि टिंबाचे प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचे. ही पायरी मुलं हमखास गाळतात, आणि नेमकी हीच सगळ्यांत जास्त कामाची. निवांत बसल्यावर सुटला तो प्रश्न तिला येतो, फक्त वेग कमी पडतो. निवांत बसूनही सुटला नाही तर धडाच कच्चा आहे. पहिल्याला घड्याळ लावून सराव लागतो, दुसऱ्याला पुस्तक उघडून बसावं लागतं. दोन्हींना एकच औषध दिलं की महिना वाया जातो.

त्यानंतर उत्तरसूची आणि चुकांची वही. वहीत चार रकाने पुरेत: तारीख आणि प्रश्न क्रमांक, धडा, चूक कशामुळे झाली, आणि पुढच्या वेळी काय करायचं याची एक ओळ. तिसऱ्या रकान्यात ‘सिली मिस्टेक’ लिहायला सक्त मनाई करा. एक उदाहरण घेऊ. ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर एकसारखी मंदावत 4 सेकंदांत थांबते, तर ती किती अंतर गेली? 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. वेग 20 वरून शून्यावर आला, म्हणजे सरासरी 10, आणि अंतर 40 मीटर. घाईत मुलगी 20 गुणिले 4 करते आणि 80 काढते. पर्यायांत 80 असतोच, कारण पेपर काढणाऱ्याला ही घाई ठाऊक असते. इथे ‘सिली’ लिहिलं तर हाती काही लागत नाही. ‘वेग बदलत असताना सुरुवातीचाच वेग शेवटपर्यंत धरला’ असं लिहिलं तर हीच चूक आणखी कुठे कुठे होते ते तिचं तिलाच दिसायला लागतं. जीवशास्त्रात दुसऱ्या प्रकारची चूक जास्त होते. ‘अयोग्य विधान कोणते’ असं विचारलेलं असतं, पहिलंच विधान बरोबर दिसतं आणि उत्तरपत्रिकेवर त्याचाच गोळा भरला जातो. त्यावर उपाय साधा: ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘वगळता’ हे शब्द दिसले की पेनाने गोल करायचा, मगच पर्याय वाचायचे.

वहीतला प्रश्न तीन दिवसांनी पुन्हा सोडवायचा, मग दहा दिवसांनी. दोन्ही वेळा बरोबर आला की खोडायचा. रविवारी संध्याकाळी दोन तास आणि रोज वीस मिनिटं एवढाच खर्च आहे. हिशेब बघा: नीटमध्ये चुकलेला प्रश्न बरोबर झाला तर 4 मिळतात आणि गेलेला 1 वाचतो, म्हणजे 5 मार्कांचा फरक. पेपरात वाचण्याच्या आणि घाईच्या दहा चुका असतील तर नवीन काहीही न शिकता 50 मार्क तिथेच पडलेले आहेत.

वेळेची वाटणीही तपासा. 180 मिनिटांत जीवशास्त्राचे 90 प्रश्न 50 मिनिटांत, रसायनशास्त्राचे 45 प्रश्न 50 मिनिटांत, भौतिकशास्त्राचे 45 प्रश्न 65 मिनिटांत, आणि 15 मिनिटं राखून. जीवशास्त्र एकटं 360 मार्कांचं आहे. तिचं जीवशास्त्र 260 च्या खाली असेल तर आधी एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट वाचून होऊ द्या. भौतिकशास्त्राच्या मागे लागून जीवशास्त्र सोडणारी मुलं याच 400 च्या आसपास अडकतात.

आणि रात्री एकपर्यंतचं जागरण बंद करा. पेपर दुपारी 2 ते 5 असतो, आणि तिचं डोकं त्याच वेळी पेंगायला शिकलं तर कठीण. फोनवर पहिला प्रश्न ‘किती पडले’ असा नको, ‘वही झाली का’ असा विचारा.

सर, अंदाजाने गोळा भरायचा की सोडायचा? एक सर म्हणतात कधीच भरू नको, दुसरे म्हणतात एकही सोडू नको. – बारावीचा विद्यार्थी, हिंगोली

गणित करून बघ. बरोबरला 4, चुकलेल्याला वजा 1. चारही पर्याय तुला सारखेच अनोळखी असतील तर अशा चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर येईल: अधिक 4, वजा 3, हातात 1 मार्क. म्हणजे प्रश्नामागे पाव मार्क फायदा. पण असे 20 प्रश्न ठोकले तर सरासरी 5 मार्क मिळतील हे कागदावर. प्रत्यक्षात त्या दिवशी वजा 10 ही होऊ शकतात. शिवाय पर्याय असे बेतलेले असतात की अर्धवट माहिती असलेला मुलगा चुकीच्याच पर्यायाकडे ओढला जातो, त्यामुळे आपला अंदाज डोळे मिटून ठोकण्यापेक्षाही वाईट निघू शकतो. एक पर्याय कारण देऊन कापता आला तर फायदा प्रश्नामागे पाऊण मार्काच्या जवळ जातो, दोन कापता आले तर दीड मार्क. म्हणून नियम असा ठेव: किमान एक पर्याय का चूक आहे हे सांगता येत असेल तर भर, नाहीतर सोड.

स्वतःचा आकडा मात्र टेस्टमधून काढ. समजा 150 सोडवले, 120 बरोबर, 30 चूक: 480 वजा 30, म्हणजे 450. पुढच्या टेस्टला 170 सोडवले, 124 बरोबर, 46 चूक: 496 वजा 46, पुन्हा 450. वीस प्रश्न जास्त सोडवून काहीच मिळालं नाही. फुलीवाल्या पाच प्रश्नांत एकापेक्षा जास्त बरोबर येत असतील तरच तुझे अंदाज कामाचे. चार-पाच टेस्टच्या फुल्या मोज, तुला कोणत्या सरांचं ऐकायचं ते कळेल.

एमएचटी-सीईटीला (इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा) मात्र निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

मुलाचं दहावीपर्यंत मराठी माध्यम, जिल्हा परिषदेची शाळा. नीट मराठीतून द्यावी का? – एक पालक, कळंब

फॉर्म भरताना मराठी निवडलं की मिळणारी प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत असते. त्यामुळे वाचण्यापुरतं नुकसान काही नाही. पण भाषांतराबद्दल शंका निघाली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. आणि दोन वर्षं अकरावी-बारावी विज्ञान, नोट्स, टेस्ट सगळं इंग्रजीत करून ऐनवेळी मराठी वाचायला घेतलं की मुलगा अडखळतो: ‘संवेग’ म्हणजे मोमेंटम, ‘जडत्व आघूर्ण’ म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, ‘तंतुकणिका’ म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. मराठीच्या मुलाला मराठीच सोपं जाईल असं आपण गृहीत धरतो, पण हे शब्द त्यानेही दहावीनंतर कुठे ऐकलेले नसतात.

आमचं मत: अकरावीच्या पहिल्या चार महिन्यांत शब्दांची जोडवही करू द्या, रोज दहा शब्द, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि पेपर इंग्रजीतून द्यायची तयारी ठेवा. बारावीच्या पहिल्या सहामाहीतही इंग्रजीतली लांब विधानं वाचायला जड जात असतील तर फॉर्ममध्ये मराठी निवडा, पण मग निदान दहा सराव पेपर तसेच दोन भाषांतले सोडवायला द्या. सीईटीत भौतिक, रसायन, जीव मराठीत मिळतं, गणित इंग्रजीतच असतं.

आम्ही उदगीरकडचे. बिदर हाकेच्या अंतरावर, हैदराबादही लांब नाही. मुलाची अकरावी-बारावी तिकडे करून नीट द्यावी असं ठरतंय. – एक पालक

दादा, पैसे भरायच्या आधी हे वाचा. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या 15 टक्के जागा देशपातळीवर भरतात, 85 टक्के राज्याच्या असतात. महाराष्ट्राच्या 85 टक्क्यांत बसायला नुसतं डोमिसाईल पुरत नाही, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास असावी लागते. बोर्ड कोणतं याला महत्त्व नाही, कॉलेज कुठे आहे याला आहे. केंद्र सरकारची बदलीची नोकरी, सैन्यदल अशांच्या मुलांना काही सवलती आहेत, तुमच्याआमच्यासारख्यांना नाहीत. म्हणजे मुलाने बिदरला बारावी केली, मार्क चांगले आणले, आणि घर उदगीरला असूनही लातूरच्या किंवा नांदेडच्या सरकारी कॉलेजातली राज्याची जागा हातची गेली. तिकडच्या राज्याचेही रहिवासाचे आणि शिक्षणाचे आपापले नियम आहेत, तिथेही आपसूक हक्क मिळत नाही. सीमेवरच्या देगलूर, उमरगा, मुखेडच्या पालकांनीही हे लक्षात ठेवावं. हा नियम निकालानंतर कळणाऱ्या घराचं दुःख फार मोठं असतं.

नाव इथल्या कॉलेजात आणि मूल कोटा-हैदराबादला, हाही रस्ता लोक सुचवतात. त्यात हजेरी आणि प्रात्यक्षिकं अडकतात. प्रवेशाला बारावीत भौतिक, रसायन, जीव मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के, राखीव वर्गाला 40 टक्के लागतात, आणि प्रात्यक्षिकाचे मार्क त्यातच असतात.

जाता जाता, बऱ्याच पालकांच्या डोक्यात अजून 70:30 आहे. मराठवाड्याच्या मुलांना मराठवाड्यातल्या मेडिकल जागांवर 70 टक्के कोटा, ही पद्धत 2020 मध्ये रद्द झाली. आता राज्याची यादी एकच. जुन्या कटऑफवरून अंदाज बांधू नका.

पोरगी पाचवीला आहे, हुशार आहे. पण तिचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. नवोदयचं कसं करावं? – आजोबा, शिरूर कासार तालुका

आजोबा, पहिलं काम म्हणजे तिला तोडीवर नेऊ देऊ नका. नवोदयला पाचवी त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असणं सक्तीचं आहे, आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पुढच्या वर्षी बघू, हे इथे चालत नाही. तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर ती ग्रामीण धरली जाते. ग्रामीण मुलांसाठी किमान 75 टक्के जागा आहेत आणि एकूण जागांत एक तृतीयांश मुलींच्या. तुमच्या नातीला दोन्हींचा फायदा आहे. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होतं का ते मुख्याध्यापकांना दिवाळीआधीच विचारा. तिथे मूल गावातच राहतं आणि जेवणाची सोय होते.

फॉर्म पावसाळ्यात निघतो, तेव्हा आईबाप गावातच असतात. त्यांच्या सह्या, आधार आणि रहिवासाचा कागद तेव्हाच उरकून घ्या. फॉर्मचा नोंदणी क्रमांक वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवा. परीक्षा डिसेंबर-जानेवारीत येते तेव्हा आईबाप कारखान्यावर असतात, आणि क्रमांक बापाच्या मोबाईलमध्येच राहिला म्हणून प्रवेशपत्र निघायची पंचाईत होते.

पेपर दोन तासांचा, 80 प्रश्न, 100 मार्क, प्रत्येकाला सव्वा मार्क, चुकीला वजाबाकी नाही. त्यात 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे आणि ते सगळे आकृत्यांचे, 20 गणिताचे, 20 भाषेचे, म्हणजे चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. भाषा मराठी निवडता येते. निम्मे मार्क आकृत्यांवर असल्यामुळे सुरुवात तिथून करा, आणि पुस्तकातून नको, हातातून करा. चौकोनी कागद घ्या, उभा दुमडा, मग आडवा दुमडा, कोपऱ्याजवळ दाभणाने एक भोक पाडा. उघडायच्या आधी तिला विचारा, भोकं किती आणि कुठे पडली असतील? तिने दुसऱ्या कागदावर टिंबं काढायची, मग उघडून ताडायचं. चार भोकं निघतात, घडीच्या रेषेपासून सारख्या अंतरावर. असे वीस-पंचवीस कागद झाले की पुस्तकातली आकृती तिला आपोआप उलगडते. आरशातल्या प्रतिमेसाठी घरातला छोटा आरसा पुस्तकाशेजारी उभा धरा. डावी-उजवी बाजू बदलते, वर-खाली बदलत नाही, हे डोळ्यांनी बघितलेलं मूल विसरत नाही.

गणितात लसावि-मसावि, अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा, वेळ-अंतर. पाचवीच्या मुलांचा वेळ बेरीज-वजाबाकीत नाही, भागाकारात जातो, म्हणून पाढे 20 पर्यंत रोज. आणि ओएमआर, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेवर, पेनाने गोळा भरायचा सराव घरी द्या. एक गोळा चुकून रिकामा सोडला की पुढचे सगळे एकेक घर सरकतात, नऊ-दहा वर्षांच्या लेकरांचं असं फार होतं. दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवायची सवय लावा.

आठवीपासून ‘फाउंडेशन’ लावायला क्लासवाले मागे लागलेत. दोन वर्षांची फी एकदम मागतात. – एक पालक, जालना

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 16 वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, पूर्ण फी भरून मूल मधेच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी, वसतिगृह आणि मेससकट, 10 दिवसांत परत करावी असं आहे. फी हप्त्यानेच द्या, पावती प्रत्येक वेळी घ्या, आणि परताव्याची अट लेखी मागा. लेखी द्यायला जो तयार नाही त्याच्याकडे जाऊ नका.

आठवीतल्या मुलाला खरा पाया हवा असेल तर एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घ्या. सरकारी, अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांसाठी आहे, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. 90-90 मार्कांचे दोन पेपर: बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. विज्ञान-गणिताचा पक्का अभ्यास होतो आणि घरातून पैसा जात नाही.

जातीचे दाखले केव्हा काढावेत? – अनेक पत्रं, नांदेड, परभणी, बीड

अकरावीला प्रवेश झाला की लगेच. उपविभागीय अधिकाऱ्यांकडून जातीचा दाखला, मग जिल्हा पडताळणी समितीकडून वैधता (अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते). वैधतेला वेळ लागतो तो जुन्या पुराव्यात: ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे शाळेचं रजिस्टर, महसुली नोंदी उर्दूत किंवा मोडीत निघतात. नुसता फोटो काढून चालत नाही. कार्यालयाची सही-शिक्क्याची नक्कल आणि जाणकाराकडून लिप्यंतर-भाषांतर दोन्ही लागतं. पणजोबाचं नाव एका कागदावर ‘गणपत’, दुसऱ्यावर ‘गणपती’ असेल तर वंशावळीच्या शपथपत्रात दोन्ही लिहा. मुलाच्या आधारवरचं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नावही आत्ताच जुळवा.

नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं. देशपातळीच्या 15 टक्के जागांसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) दाखले केंद्राच्या नमुन्यात वेगळे काढावे लागतात, राज्याचा दाखला तिथे चालत नाही. एसईबीसी हा राज्याचा (मराठा समाजाचा) प्रवर्ग केंद्राच्या कोट्यात नाही. निकषांत बसत असाल तर तिथे ईडब्ल्यूएसमधून जाता येतं.

मुलगा दुसऱ्यांदा नीट देतोय, छत्रपती संभाजीनगरला खोली करून राहतो. हल्ली जेवत नाही, फोन उचलत नाही, ‘माझ्यानं होत नाही’ एवढंच म्हणतो. – एक वडील, माजलगाव

दादा, हे पत्र वाचल्यावर आधी एसटीत बसा. रविवारची वाट बघू नका. गेल्यावर मार्क, फी, शेजारच्याचा पोरगा यांतलं काही काढू नका. त्याच्याबरोबर जेवा आणि एक-दोन रात्री तिथेच मुक्काम करा. झोप मोडणं, जेवण सुटणं, आंघोळ-दाढी टाळणं, वस्तू वाटून टाकणं, ‘सगळं संपलं’ असं बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याला एकट्याला सोडू नका आणि सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तुम्हीही फोन करून काय करावं ते विचारू शकता.

त्याला घरी यायचं असेल तर येऊ द्या. पुस्तकं घरीही उघडतात. आणि दार एकच नाही हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. नीटच्याच मार्कांवर आयुर्वेद आहे, पशुवैद्यक आहे, ज्याची कॉलेजं परभणी आणि उदगीरला आहेत. फार्मसी आणि कृषी सीईटीवर होतं. हे त्याने पूर्वी ऐकलेलं असतं, पण बापाने म्हटल्यावर त्याचं वजन वेगळं पडतं.

पेपरच्या दिवशी काय काय न्यायचं? – विद्यार्थिनी, किनवट

केंद्र नांदेडला आलं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. तुझ्याकडून सव्वाशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे आणि केंद्राचं फाटक दीड वाजता बंद होतं. प्रवेशपत्र, त्यावर सांगितल्याप्रमाणे पासपोर्ट आणि पोस्टकार्ड आकाराचे फोटो, मूळ ओळखपत्र, पारदर्शक बाटलीत पाणी. अर्ध्या बाह्यांचा साधा ड्रेस, पायात चप्पल, बूट नाही. पेन तिथेच मिळतो. मनगटी घड्याळ नेता येत नाही, म्हणून एप्रिलभर दुपारी 2 ते 5 भिंतीवरच्या घड्याळावर पेपर सोडव, पंख्याखालीच. मेच्या उन्हात वर्ग तापलेला असतो.

प्रश्नपत्रिका हातात आली की तिच्यावरचा कोड आणि ओएमआरवरचा कोड एकच आहे का ते बघ. नसेल तर लिहायला सुरुवात न करता लगेच पर्यवेक्षकांना सांग. एक गोळा नीट भरायला चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे 180 गोळ्यांना 12 ते 15 मिनिटं. शेवटी एकदम भरायला ठेवू नकोस, प्रश्नपत्रिकेचं एक पान संपलं की त्या पानाचे गोळे भर. चुकलेला गोळा खोडायला जाऊ नकोस, दोन गोळे झाले की तो प्रश्न चूकच धरतात. ओएमआरखालची प्रत फाडायची नाही, दोन्ही तशाच परत द्यायच्या. प्रश्नपत्रिका मात्र घरी आणता येते, आणि तिच्यावर तुझ्या टिंबाच्या नि फुलीच्या खुणा असल्या की उत्तरसूची आल्यावर मार्क मोजायला सोपं जातं.